संगणक उघडत नाही म्हणजे हिशेब बुडाला असे नव्हे

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण मोफत आधार बंद केला. जुन्या संगणकावर विंडोज ११ चालत नाही आणि नवा संगणक घेणे परवडत नाही, अशा अडचणीतील अनेक दुकानदारांना तेव्हापासून लिनक्सचा पर्याय सुचवला जातो. काही कारागिरांकडे ती आधीपासूनच आहे. लाकूड व पितळ कोरणारी यंत्रे चालवणारे लिनक्ससीएनसी, भरतकामाचे नमुने तयार करणारे इंकस्टिच अशी कामाची साधने तिच्यावर विनामूल्य मिळतात. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली या प्रणालीचा गाभा लिहिला. पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही याच पायावर बॉस नावाची भारतीय प्रणाली तयार केली. तेव्हा हा काही परका किंवा कच्चा माल नव्हे.

अडचण वेगळीच आहे. लिनक्स सहसा बिघडत नाही. पण एखाद्या सकाळी दुकान उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी ओळी येऊन संगणक थांबला, तर बाजारात तिचा जाणकार चटकन सापडत नाही. जो सापडतो तो दोन मिनिटे पाहतो आणि सांगतो, "फॉरमॅट मारावा लागेल." मालक मान हलवतो. संध्याकाळी संगणक चालू होतो, परंतु उधारीची खाती, मालाची नोंद आणि जीएसटीची बिले गेलेली असतात. ज्या बिघाडाचा इलाज दहा मिनिटांत झाला असता, त्यापायी वर्षानुवर्षांची येणी बुडतात.

व्यापारी बंधूंनी पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी की, प्रणाली सुरू न होणे आणि डिस्कवरील नोंदी नष्ट होणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दुकानाचे कुलूप अडकले म्हणून आतला माल जळत नाही. कुलूप कोणत्या जागी अडकले आहे, एवढेच शोधायचे असते.

संगणक सुरू होताना एक साखळी चालते. वीज मिळताच मदरबोर्डवरील बायॉस किंवा यूईएफआय जागे होते व डिस्क शोधते. डिस्कवरील ग्रब नावाचा छोटा कार्यक्रम कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, उचलून आणतो. कर्नल डिस्क जोडून घेतो आणि कारभार सिस्टेमडीच्या हाती देतो. सिस्टेमडी हा जणू मुनीम होय. छपाई, नेटवर्क, हिशेबाचा डेटाबेस ही सर्व कामे तोच सुरू करतो. शेवटी नाव व पासवर्ड विचारणारा पडदा येतो. संगणक कोठवर येऊन थांबला हे कळले की निम्मे काम झाले. म्हणून काहीही करण्यापूर्वी पडद्यावरील शेवटच्या ओळींचा मोबाइलने फोटो काढावा. भीतीपोटी लगेच बटण दाबून संगणक बंद करणे ही आपल्याकडची सवय आहे, आणि तिच्यामुळे एकमेव साक्षीदार नाहीसा होतो.

पुढे आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत (२००एम मधील एम व .एक्सऑथॉरिटी मधील एक्स तेवढे मोठे), मधल्या जागा व वजाचिन्हे सांभाळून लिहाव्यात.

पडद्यावर काहीच येत नसेल तर दोष बहुधा वीज, केबल किंवा रॅमचा असतो. त्याचा लिनक्सशी संबंध नाही. मात्र संगणक दर वेळी जुनी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरील नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपली आहे असे समजावे. ती गेली की कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे हेही काही संगणक विसरतात. तारीख चुकली तर बँकेची व जीएसटीची संकेतस्थळे उघडण्यास ब्राउझर नकार देतो आणि आपण इंटरनेटवाल्याला बोल लावत बसतो. स्वस्तातली बॅटरी आहे, बदलून टाकावी.

"ग्रब रेस्क्यू" अशी अक्षरे येऊन थांबले, तर ग्रबला स्वतःच्याच फायली सापडत नाहीत. डिस्कचा एखादा विभाग पुसला, नवी डिस्क जोडली, किंवा बायॉसने भलतीच डिस्क पुढे केली, की असे होते. आधी बायॉसमधला डिस्कचा क्रम पाहावा. तो बरोबर असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ग्रब पुन्हा बसवता येतो. त्यासाठी फॉरमॅट लागत नाही.

ग्रब येतो, पण प्रणालीचे अपडेट झाल्यानंतर पुढे काळोख होतो, असेही घडते. अशा वेळी ग्रबच्या यादीत "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडावा. उबुंटू व मिंट जुना कर्नल सहसा जपून ठेवतात. त्यावर संगणक सुरू झाला तर त्या दिवसाचे गिऱ्हाईक निपटावे. नव्या कर्नलची चौकशी नंतर शांतपणे होते.

वीज अचानक जाणाऱ्या गावांत सर्वाधिक दिसणारा प्रकार म्हणजे कंसात "इनिटरॅमएफएस" हा शब्द आणि वरच्या ओळींत एफएससीके हाताने चालवा अशी सूचना. अर्धवट लिहिलेल्या नोंदींमुळे फायलींची अनुक्रमणिका विस्कटलेली असते. त्याच सूचनेत डिस्कच्या विभागाचे नाव असते, उदाहरणार्थ /डेव्ह/एसडीए२. तेव्हा "एफएससीके -वाय" लिहून पुढे ते नाव द्यावे, काम संपेपर्यंत थांबावे आणि "एक्झिट" लिहावे. बहुतेक वेळा संगणक काही झालेच नाही अशा थाटात उघडतो. मात्र एक अट आहे. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा पडद्यावर "आय-ओ एरर" पुन्हा पुन्हा येत असेल, तर डिस्क स्वतःच मरणपंथाला आहे. तिच्यावर दुरुस्ती चालवू नये. आधी नोंदी बाहेर काढाव्यात.

दुसरा एक प्रकार इतका साधा आहे की कळल्यावर हसू येते. संगणक दीड मिनिट ताटकळतो, "अ स्टार्ट जॉब इज रनिंग" अशी ओळ दाखवतो आणि मग "इमर्जन्सी मोड" मध्ये पडतो. घरी नेलेली बाहेरची हार्ड डिस्क बहुधा याचे कारण असते. कोणीतरी ती एफएसटॅब या यादीत कायमची नोंदवून ठेवलेली असते. यादीतले नाव हजर नाही म्हणून सिस्टेमडी नव्वद सेकंद वाट पाहतो आणि पुढे जाण्यास नकार देतो. डिस्क परत जोडून संगणक पुन्हा सुरू करावा. नंतर यादीतील त्या ओळीत पर्यायांच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन "नोफेल" हा शब्द घालून घ्यावा, म्हणजे डिस्क नसली तरी अडणार नाही.

आता पासवर्डच्या पडद्याकडे वळू, कारण येथे लोक सर्वाधिक गोंधळतात. पासवर्ड चुकला असे पडदा म्हणत असेल तर आधी कॅप्स लॉक पाहावे. मग कोपऱ्यातील भाषेचे चिन्ह पाहावे. आपल्याकडे मराठी किंवा उर्दूचा कळफलक जोडलेला असतो. तो निवडलेला राहिला तर पासवर्डाच्या जागी फक्त ठिपके दिसतात आणि आत भलतीच अक्षरे जात असतात.

परंतु पासवर्ड बरोबर आहे, पडदा क्षणभर काळा होतो आणि पुन्हा तोच पासवर्डचा पडदा येतो, हा प्रकार निराळा. येथे पासवर्डाचा काहीही दोष नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. चित्रांविना, नुसत्या अक्षरांचा पडदा येईल. तेथे नाव व पासवर्ड देऊन आत जाता आले, तर दुकान शाबूत आहे, फक्त पुढचा दरवाजा अडकला आहे, हे सिद्ध झाले. आत गेल्यावर "डीएफ -एच" ही आज्ञा द्यावी. मुख्य विभाग शंभर टक्के भरलेला दिसला तर कारण सापडले. आत शिरताना प्रणालीला दोनचार लहान फायली लिहाव्या लागतात. जागा नसेल तर लिहिता येत नाहीत आणि ती आपल्याला बाहेर ढकलते.

जागा खाणारे दोन गिऱ्हाईक ठरलेले आहेत. मिंटमधील टाइमशिफ्ट हा कार्यक्रम प्रणालीच्या जुन्या प्रती साठवतो आणि त्या त्याच डिस्कवर साठल्या की डिस्क भरत जाते. टाइमशिफ्टमधूनच जुन्या प्रती काढाव्यात. दुसरे गिऱ्हाईक म्हणजे नोंदवही व उतरवलेली अपडेट. "सुडो एपीटी क्लीन" आणि "सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम" या दोन आज्ञांनी बरीच जागा सुटते. याउलट, आकार मोठा दिसतो म्हणून डेटाबेसच्या घरातील आयबीडेटा१ ही फाईल कधीही पुसू नये. तिच्याविना उरलेल्या हिशेबाच्या फायली सहसा उघडत नाहीत. जागेच्या लोभाने ती पुसणारे मेकॅनिकही आहेत.

डिस्कवर जागा असूनही पडदा परत फिरत असेल, तर घरच्या फोल्डरातील .एक्सऑथॉरिटी या फाईलची मालकी पाहावी. सुडो लावून चित्रांचे कार्यक्रम चालवण्याच्या सवयीने तिची मालकी कधी कधी रूटकडे जाते आणि मालकाला आपल्याच घरात शिरता येत नाही. ही फाईल "सुडो आरएम" ने काढून टाकली तरी चालते. पुढच्या खेपेस प्रणाली नवी करते.

नोकर सोडून गेला आणि पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, तरीही उबुंटू व मिंटमध्ये ग्रबच्या यादीतील "रिकव्हरी मोड" मधून रूटचा पडदा उघडून "पासडब्ल्यूडी" या आज्ञेने नवा पासवर्ड देता येतो. हे सोयीचे आहे, तसेच सावध करणारेही: दुकानात एकटा बसलेला कोणीही हेच करू शकतो. त्याला अटकाव करायचा तर डिस्क कूटबद्ध करावी लागते. मात्र कूटबद्ध डिस्कची किल्ली हरवली तर मेकॅनिकच काय, ती बनवणाराही ती उघडू शकत नाही. किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी.

संगणक उघडतो, पासवर्ड चालतो, पण बिल निघत नाही, अशीही तक्रार असते. म्हणजे मुनीम आला आहे, पण त्याचा एखादा मदतनीस गैरहजर आहे. "सिस्टेमसीटीएल --फेल्ड" ही आज्ञा गैरहजरांची यादी देते. त्यात डेटाबेसचे, समजा मारियाडीबीचे, नाव दिसले तर "सुडो जर्नलसीटीएल -यू मारियाडीबी -बी" लिहून त्याची आजची नोंद वाचावी. "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली" या ओळीवर अडकू नये. सामान्यतः दहा सेकंदांत पाच वेळा प्रयत्न फसला की सिस्टेमडी नाद सोडतो, एवढेच ती सांगते. खरे कारण तिच्या वरच्या ओळींत असते. "नो स्पेस लेफ्ट" असेल तर वर सांगितलेला डिस्कचा इलाज, "परमिशन डिनाइड" असेल तर मालकीचा प्रश्न, "अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज" असेल तर तीच जागा दुसऱ्या कार्यक्रमाने अडवली आहे.

काही सेवा मेकॅनिक असेपर्यंत चालतात आणि दुसऱ्या दिवशी बंद आढळतात. त्याने "स्टार्ट" आज्ञा दिलेली असते, "इनेबल" दिलेली नसते. पहिली आज्ञा फक्त आत्तापुरती आहे, दुसरी दर सकाळसाठी. पैसे चुकते करण्यापूर्वी त्याच्यासमोर संगणक एकदा बंद करून पुन्हा सुरू करून घ्यावा.

पावती छापणारा प्रिंटर रुसला तर सेवा सहसा ठीकच असते. केबल निघाली किंवा एखादी पावती छापता आली नाही, की कप्स ही छपाईची सेवा त्या प्रिंटरची रांग थांबवते आणि केबल लावली तरी कित्येकदा आपणहून सुरू करत नाही. "एलपीस्टॅट -पी" ने थांबलेल्या प्रिंटरचे नाव पाहावे आणि "सुडो कप्सइनेबल" पुढे ते नाव लिहावे. कोरीव यंत्राचा संगणक तपासायचा असेल तेव्हा मात्र आधी यंत्राच्या मोटारींची वीज तोडावी. मध्येच सेवा जागी झाली तर हत्यार हलू शकते.

एवढे करूनही उपाय चालला नाही आणि प्रणाली नव्याने बसवणे भागच असेल, तर ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवले त्याच पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा. डिस्कला हात न लावता तो चालतो व डिस्कवरील फोल्डर दाखवतो. डिस्क कूटबद्ध असेल तर तिजोरीतील किल्ली येथे लागेल. तेथून होम हे फोल्डर आणि डेटाबेसचे /व्हार/लिब/मायएसक्यूएल हे घर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. दुसरे घर कुलूपबंद असल्याने त्यासाठी सुडोचा अधिकार वापरावा लागतो. मेकॅनिकला ही प्रत उघडून दाखवण्यास सांगावे आणि मगच फॉरमॅटला होकार द्यावा. रोजची प्रत घेताना हेच फोल्डर चालू संगणकावर नुसते उचलून ठेवू नये, कारण चालत्या डेटाबेसची तशी प्रत भरवशाची नसते. त्यासाठी मायएसक्यूएलडंप किंवा मारियाडीबी-डंप ही आज्ञा आहे. रात्री दुकान बंद करताना ती आपोआप चालेल आणि प्रत पेनड्राइव्हवर जाईल, अशी व्यवस्था कोणताही जाणकार थोड्या वेळात लावून देतो.