टॉमस पाउंड : फादर स्टीफन्सच्या पूर्वायुष्यातील एक इंग्रज जमीनदार

‘क्रिस्तपुराणा’चा कर्ता फादर टॉमस स्टीफन्स हा १५७९ साली गोव्यास आला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास त्याचा परिचय बहुधा तेथूनच होतो. परंतु त्यापूर्वीची त्याची इंग्लंडमधील वर्षे एका जमीनदार मित्राच्या सहवासात गेली होती. टॉमस पाउंड हे त्या मित्राचे नाव. त्याचे चरित्र पाहिले असता, एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक श्रद्धा आणि जमिनीची मालकी ह्यांचा संबंध कसा दुहेरी होता, हे स्पष्ट होते.

पाउंडचा जन्म १५३९ च्या सुमारास हॅम्पशर परगण्यातील बेलमॉण्ट येथे झाला. मातेकडून त्याचे नाते साउथॅम्प्टनच्या अर्लशी, म्हणजे रायथस्ली घराण्याशी होते. ह्या घराण्याची स्थिती त्या काळाची द्योतक आहे. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केल्यानंतर टिचफील्ड येथील मठाची वास्तू व जमीन पहिल्या अर्लच्या पदरात पडली. तथापि त्याचा पुत्र, दुसरा अर्ल, जुन्याच पंथाचा कैवारी राहिला आणि त्यापायी त्यास लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवास भोगावा लागला. नव्या व्यवस्थेने दिलेली संपत्ती आणि जुन्या धर्माची ओढ ह्या दोन्ही गोष्टी एकाच कुळात नांदत होत्या.

पाउंडने लंडनच्या लिंकन्स इन ह्या विधिसंस्थेत प्रवेश घेतला आणि पुढे तो राणीच्या परिवारात मानकरी म्हणून रुजू झाला. तेथून तो निवृत्त कसा झाला, ह्याविषयी जेझुइट परंपरेत एक आख्यायिका आहे. दरबारातील एका नृत्यात त्याचा तोल जाऊन तो पडला, राणीने त्याची चारचौघांत कुचेष्टा केली, आणि ऐहिक वैभवाची क्षणभंगुरता उमगून त्याने दरबार सोडला. आख्यायिकेचा तपशील कसाही असो, १५७० च्या सुमारास तो वैभवाकडे पाठ फिरवून कॅथलिक आचारधर्माकडे उघडपणे वळला होता, हे निश्चित.

ह्या निर्णयाचे मोल समजण्यासाठी तत्कालीन कायदे ध्यानी घेतले पाहिजेत. १५५९ च्या कायद्यानुसार रविवारी सरकारमान्य उपासनेस गैरहजर राहणाऱ्यास बारा पेन्स दंड होता. १५८१ मध्ये तो दरमहा वीस पौंड झाला. १५८७ मध्ये दंड न भरणाऱ्याच्या जमिनीचा दोन-तृतीयांश भाग सरकारजमा करण्याची तरतूद झाली. देश सोडून जावे, तर १५७१ च्या कायद्याने तीही वाट अडविली होती. परवान्यावाचून परदेशी जाऊन न परतणाऱ्याच्या जमिनीचे उत्पन्न राणीकडे जात असे. तात्पर्य, जमीन ही कॅथलिक गृहस्थाची ढाल होती, तशीच ती सरकारच्या हाती असलेली ओलीसही होती.

ढाल ती कशी, हे स्टीफन्सच्या उदाहरणावरून दिसते. तो विल्टशर परगण्यातील एका व्यापाऱ्याचा पुत्र. संशय टाळण्यासाठी तो पाउंडचा सेवक म्हणून त्याच्यासमवेत फिरत असे. घरंदाज गृहस्थाच्या मागे चालणाऱ्या चाकराची चौकशी सहसा कोणी करीत नसे. मोठ्या घरांचा आश्रय, नोकरचाकरांचा राबता, नातेवाइकांकडील येणेजाणे ह्या नित्याच्या व्यवहाराआड निषिद्ध उपासना टिकून राहिली. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचा बेत केला. परंतु तो पार पडण्यापूर्वीच पाउंड अटकेत पडला. स्टीफन्स एकटाच निघाला आणि १५७५ मध्ये रोम येथे संघात दाखल झाला.

मित्राचा त्यास विसर पडला नाही. त्याने संघाच्या प्रमुखाकडे पाउंडसाठी रदबदली केली आणि १५७८ मध्ये, तुरुंगात असतानाच, पाउंडला पत्राद्वारे संघात घेण्यात आले. पुढील वर्षी ४ एप्रिल रोजी स्टीफन्सने लिस्बन सोडले व २४ ऑक्टोबरला तो गोव्यास पोहोचला.

पाउंडचा बंदिवास मात्र संपला नाही. १५८० मध्ये एडमंड कॅम्पियन ह्या जेझुइटाने आपल्या आगमनाचा हेतू सांगणारे निवेदन लिहिले, ते पाउंडच्या आग्रहावरून. त्याची प्रत पाउंडकडे होती. ती हस्ते-परहस्ते पसरली आणि पाउंडला एकांतवासात टाकण्यात आले. निरनिराळ्या तुरुंगांत मिळून त्याची सुमारे तीस वर्षे गेली. पहिल्या जेम्सच्या राज्यारोहणानंतर सुटका झाली असताही त्याने लँकाशरमधील कॅथलिकांवरील अन्यायाबद्दल राजाकडे अर्ज केला. त्याबद्दल १६०४ मध्ये स्टार चेंबर न्यायालयाने त्यास एक हजार पौंड दंड ठोठावला. अखेरीस तो जन्मस्थानी, बेलमॉण्ट येथेच मरण पावला. राशोल येथे १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले, तेव्हा तो हयात नव्हता.

दोघांच्या जीवनाची ही विभागणी केवळ दैवाधीन म्हणता येत नाही. व्यापाऱ्याचा पुत्र देशत्याग करू शकला. ज्याचे नाव जमिनीशी व दरबाराशी निगडित होते, तो सरकारच्या नजरेतून सुटू शकला नाही. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट अभ्यासकाने विसरू नये. इंग्लंडमध्ये जो पंथ दंडनीय होता, तोच साष्टीत राज्यसत्तेचा पंथ होता. तेथे १५६७ मध्ये देवालये पाडली गेली होती, आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता. छळ सोसणाऱ्यांच्या गोटातून आलेला स्टीफन्स येथे सत्ताधाऱ्यांच्या पक्षात उभा होता, आणि तरीही त्याने लोकांची भाषा व ओवी आपलीशी केली. ‘क्रिस्तपुराणा’तील सुमारे अकरा हजार ओव्या वाचताना ही दोन्ही टोके एकत्र ध्यानी घ्यावी लागतात, आणि त्यांपैकी पहिल्या टोकाचे आकलन पाउंडच्या चरित्रावाचून पुरे होत नाही.