टेबलावरचा लाल दिवा

मैत्रिणींनो, मी अर्धवेळ शिकवते त्या संस्थेत गेल्या वर्षी नवी टेलिफोन यंत्रणा बसली आणि प्रत्येक टेबलाला स्वतःची निरोपाची पेटी, म्हणजे 'व्हॉइस मेल', मिळाली. माहितीचा कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला, तो तिथेच राहिला. फोनवर बारीकसा लाल दिवा लुकलुकायचा. मला आपलं वाटायचं, फोन चालू असल्याची ती खूण!

एका गुरुवारी, तीन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलीला मी सगळ्या वर्गासमोर रागावले. "घरून साधा एक फोन करता येत नाही?" ती मान खाली घालून उभी राहिली. मधल्या सुट्टीत शेजारच्या बाईंनी दिव्याकडे बोट दाखवलं, "अहो, निरोप ऐकत नाही का तुम्ही?" ऐकला. सोमवारी सकाळचा, तिच्या आईचा. "बाई, हिच्या बाबांना दवाखान्यात ठेवलंय. दोन-तीन दिवस ती येणार नाही. रागावू नका हं." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिथे रागावले होते तिथेच, वर्गासमोर, तिची क्षमा मागितली आणि घरी जाण्याआधी तो कागद शोधून काढला.

तुमच्याही टेबलावर असा फोन असेल तर एवढं कराच. पहिल्यांदा मिळालेला सांकेतिक क्रमांक लगेच बदला. १२३४ किंवा आपलाच एक्स्टेंशन नंबर ठेवू नका. तो कुणालाही ओळखता येतो. मग स्वतःच्या आवाजात दोनच वाक्यं भरा: तुमचं नाव, आणि निरोप कधी ऐकता ते. रजेवर जाताना ती बदला, परतल्यावर आठवणीने पुन्हा पहिली करा. ऐकून झालेले निरोप पुसून टाका, कारण पेटी भरली की नवा निरोप घेतला जात नाही. कुठलं बटण कशासाठी, ते प्रत्येक यंत्रणेत वेगळं असतं; चिठ्ठीवर लिहून फोनपाशी चिकटवा. सांकेतिक क्रमांक मात्र चिठ्ठीवर नको!

आणि निरोप ठेवणारी तुम्ही असाल तर? 'ह्यांच्या' ऑफिसात यंत्र बोलू लागलं की मी पूर्वी घाबरून फोन ठेवून द्यायची. आता 'टूं' वाजेपर्यंत थांबते. आधी नाव, मग काम, शेवटी फोन नंबर, सावकाश आणि दोनदा. बँकेचे आकडे किंवा ओटीपी मात्र चुकूनही सांगू नये. आणि खरीच घाई असेल तर निरोपावर विसंबू नये. ऑपरेटरला सांगून माणूस बोलवून घ्यावं.

ही सोय काही आजची नाही बरं. अमेरिकेतल्या गॉर्डन मॅथ्यूज यांना तिचं पेटंट १९८३ साली मिळालं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आयबीएमने खेळाडूंसाठी अशी यंत्रणा ठेवली होती. घरची माणसं दूरदेशाहून आपल्या मुलामुलींसाठी त्यात निरोप ठेवू शकत.

त्या मुलीचे बाबा आता घरी आलेत, हिंडू-फिरू लागलेत. आणि मी? रोज पर्स ठेवते, आधी दिव्याकडे बघते, मगच हजेरीपट उचलते.