झोपेची वेळ हुकली, तरी क्रम हुकू नये

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत आई बांधीतून परतते तीच दिवेलागणीला. मग स्वयंपाक, तोवर दोन वर्षांचं लेकरू गप्प बसावं म्हणून त्याच्या हाती मोबाइल. पुढे ते झोपता झोपत नाही. उजेडामुळे शरीरात झोप आणणारं मेलाटोनिन कमी तयार होतं, आणि लहान मुलांवर हा परिणाम अधिक होतो.

एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून ११ ते १४ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घड्याळ सांभाळणं जमत नसेल, तर निदान क्रम सांभाळा: कोमट पाण्याने अंग पुसणं, हातापायांना तेल, दिवा मंद, मच्छरदाणी, मग अंगाई. अमेरिकेतल्या जोडी मिंडेल यांच्या २००९ मधल्या अभ्यासात आंघोळ, मालिश आणि शांत वेळ हा क्रम दोन आठवडे रोज पाळल्यावर मुलं लवकर झोपू लागली, रात्री कमी वेळा उठू लागली.

मच्छरदाणी आपल्याकडे हिवतापासाठी लावावी लागतेच. रोज त्याच वेळी लावली तर लेकराला ती झोपेची खूणही होते. आईला उशीर झाला तर हे सगळं आजी-आजोबांनी करावं. मूल रोज घोरत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.