केटी लपवून किती दिवस?

निकालाच्या दिवसांत वसई तालुक्यातल्या नंदाखालच्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘एकच केटी राहिलीय, बायोडेटात बी.कॉम. लिहू का?’ केटी म्हणजे सुटायचा राहिलेला विषय. सल्ला द्यायलाही कुणीतरी टपलेलंच असतं : ‘लिही बिनधास्त, कोण बघतंय?’

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. पूर्वी साहेब झेरॉक्स चाळायचा आणि फाईल बंद करायचा. आता अनेक कंपन्या तुमच्या कागदावर विसंबत नाहीत. पडताळणी करणारी एजन्सी थेट विद्यापीठाला विचारते. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका तर दोन मिनिटांत उघडते. अनुभवाचंही तेच. पीएफचा यूएएन क्रमांक 2014 पासून आला. कुठल्या कंपनीत कधी लागलात, कधी सोडलीत, हे त्या खात्यात तारखांसह दिसतं. पीएफ कापला जाणारी दोन वर्षांची नोकरी बायोडेटात चार वर्षांची झाली, तर तफावत तिथेच पकडली जाते.

आखातात जाणाऱ्यांना हे जास्त लागू. एकाच शिक्क्यावर परदेशी कागदपत्रं मान्य करणाऱ्या अपोस्टिल करारात भारत 2005 पासून आहे, पण संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही. त्यामुळे दुबईसाठी पदवीवर राज्य शासन, परराष्ट्र मंत्रालय आणि अमिरातीचा दूतावास अशी शिक्क्यांची रांग लागते. परिचारिकांची चौकशी तर मूळ ठिकाणीच होते : कॉलेज, नर्सिंग कौन्सिल, आधीचं हॉस्पिटल. शेजारच्या काकांनी 1985 साली काय केलं, ते इथे उपयोगाचं नाही.

‘शिक्षण वाढवून लिहिलं तर खोटं, कमी लिहिलं तर काय बिघडतं?’ वरवर पाहता बरोबर वाटतं. पण पंजाब नॅशनल बँकेने शिपाईपदाच्या जाहिरातीत ‘उमेदवार पदवीधर नसावा’ अशी अट घातली होती. एका उमेदवाराने आपली पदवी लपवली आणि निवड मिळवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 3 नोव्हेंबर 2020 रोजी न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. पदवीधराला शिपाई होण्यासाठी पदवी लपवावी लागते, याचं वाईट मलाही वाटतं. पण अट अन्यायाची वाटली तर जाहिरातीलाच आव्हान द्यायचं होतं, माहिती दडवायची नव्हती.

‘एकदा पर्मनंट झालो की कुणी हात लावत नाही’ हेही खरं नाही. बनावट जात प्रमाणपत्रांवर मिळालेल्या नोकऱ्यांचा प्रश्न महाराष्ट्रात वर्षानुवर्षं गाजला. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 6 जुलै 2017 रोजी स्पष्ट केलं, की प्रमाणपत्र अवैध ठरलं तर केवळ सेवा लांबली म्हणून नोकरीला संरक्षण मिळत नाही.

बायोडेटातली फुगवाफुगवी आणि बनावट गुणपत्रिका यांत मात्र फरक आहे. पहिलीने नोकरी जाते, दुसरीने तुरुंगही दिसू शकतो. फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज करणं हा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. तो कागद खोटा आहे हे ठाऊक असून खरा म्हणून पुढे करणाऱ्यालाही तीच शिक्षा.

आता उलट्या बाजूची भीती. लोपीस आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एस की झेड, यावरून आपल्याकडे अनेकांची झोप उडते. चर्चच्या नोंदवहीत एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. ही लबाडी नव्हे. प्रतिज्ञापत्र करा, गरज पडली तर राजपत्रात नावाची नोंद करून घ्या आणि अर्जातच तसं कळवा. लपवलंत तर मात्र साध्या चुकीवर संशय चढतो.

आणि ती केटी? सरकारी जाहिरातीत पात्रता कुठल्या तारखेपर्यंत हवी ते आधी वाचा. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी चालतील असंही काही ठिकाणी लिहिलेलं असतं. यूपीएससीच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेला ते बसू शकतात. खासगी नोकरीसाठी सरळ एक ओळ टाका : ‘बी.कॉम. तृतीय वर्ष, एक विषय बाकी.’ आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म वेळेत भरा.