फराळाच्या दिवसांतला पाहुणा

दिवाळीत दारावर दोन पाहुणे ठरलेले. एक, भाऊबीजेला माहेरी आलेली लेक. आणि निवडणूक तोंडावर असली, तर हात जोडून उभा असलेला उमेदवार.

आमच्या बीड जिल्ह्यात या दुसऱ्या पाहुण्याला जरा जास्तच घाई असते. कारण आहे ऊसतोड. दसरा-दिवाळी उरकली की गावोगावच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. म्हणजे सणाची सुटी हीच काय ती माणसं घरी सापडण्याची वेळ. सभेला गाव जमतं, पण तिथं बोलतो उमेदवार. ओट्यावर मतदारालाही बोलता येतं.

२०२४ ची विधानसभा निवडणूक आठवून पाहा. भाऊबीज ३ नोव्हेंबरला, अर्ज मागे घेण्याची मुदत ४ ला, गाळप हंगाम १५ पासून आणि मतदान २० ला. ओट्यावर बसून मत मागणाऱ्यांपैकी रिंगणात कोण उरणार, हे भाऊबीजेला पक्कं नव्हतं. आणि मत द्यायचा शब्द देणारा कोयता मतदानाला गावात असेल की फडात, हेही नाही.

सैनिक, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी, ८५ वर्षांवरचे वृद्ध यांना टपालानं मत देता येतं. ऊसतोड मजुराला ती सोय नाही. त्याला गावच्या केंद्रावरच यावं लागतं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मतदानाच्या दिवशी भरपगारी सुटी आहे आणि रोजंदारीवरचा माणूसही तिच्यात येतो. पण फडातली मजुरी टनावर. शिवाय कोल्हापूरकडच्या फडातून परळीला येऊन परत जायला एक दिवस कसा पुरणार?

मग उमेदवारानं गाडी पाठवावी का? मतदारांना फुकट केंद्रावर आणण्यासाठी वाहन भाड्यानं घेणं हा त्याच कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार ठरतो. मतासाठी दिलेला फराळाचा डबासुद्धा कायद्याच्या भाषेत लाचच. आणि मजुरानं पदरमोड करून यावं, तर मजुरी बुडते, भाडं वेगळंच.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. दारात आलेल्या माणसाला पाणी द्या, बसायला सतरंजी द्या. ती आपली रीत आहे. मात्र उठण्याआधी त्याला एक विचारा : ‘तुम्ही आमच्या घरापर्यंत आलात, बरं वाटलं. पण आम्ही फडातून केंद्रापर्यंत यावं, यासाठी तुम्ही विधानसभेत काय मागणार?’ फडाजवळ मतदानाची सोय, टपाली मत, की प्रवासाला पुरेल एवढी भरपगारी रजा? उत्तर ऐका, लक्षात ठेवा, आणि पुढच्या दिवाळीत तो पुन्हा आला की तोच प्रश्न आधी काढा.