जंगलातले घाट, सायकल आणि हृदय

सायकल चालवणे हा उत्तम व्यायाम आहे, हे आता कुणाला पटवून द्यावे लागत नाही. मात्र समोर घाट दिसला की पन्नाशीतला माणूस सायकलीवरून खाली उतरतो आणि ‘आता या वयात हृदयाला हा ताण नको’ असे म्हणतो. ही भीती अगदीच निराधार नाही. पण तिचे मूळ चढणीत कमी आणि सायकलीच्या रचनेत व चढणाऱ्याच्या घाईत अधिक असते. फ्रान्सच्या डोंगराळ, वनाच्छादित भागांत साठी-सत्तरीची माणसे सावकाश घाट चढताना दिसतात. मुले शिक्षण-नोकरीनिमित्त तिकडे असल्याने आपल्याकडचेही काही आईवडील उन्हाळ्यात त्या देशात जातात. त्यांना आणि एरवीही चढणीला भिणाऱ्या वाचकांना या रस्त्यांपासून बरेच शिकता येईल.

शांत रस्ता कसा ओळखावा?

सायकलस्वाराला फ्रान्समध्ये एक मोठी सोय आहे. महामार्ग सोडले तर गावोगाव जोडणारे अरुंद पण डांबरी रस्ते तेथे भरपूर आहेत. मिशेलिन कंपनीच्या नकाशात मोठे रस्ते लाल, दुय्यम रस्ते पिवळे आणि लहान रस्ते पांढरे दाखवलेले असतात. सायकलीसाठी पांढरे रस्ते उत्तम. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर तो निसर्गरम्य समजावा. चढ दाखवण्यासाठी रस्त्यावर बाणाची टोके काढलेली असतात. एक टोक म्हणजे शेकडा ५ ते ९ चढ, दोन म्हणजे ९ ते १३ आणि तीन म्हणजे १३ हून अधिक. शेकडा ५ चढ म्हणजे १०० मीटर अंतरात ५ मीटर उंची. नव्या माणसाने एका टोकाच्या रस्त्यावर समाधान मानावे.

बरगंडी प्रांतातील मोर्वां हा ग्रॅनाइटच्या टेकड्यांचा, ओक-बीच-फरच्या जंगलांचा प्रदेश त्यासाठी योग्य आहे. त्याचे सर्वांत उंच टोक, ओ-फोलें, अवघे ९०१ मीटर आहे. चढ फार लांब नाहीत, पण एकामागून एक येतात. येथील सेतों तलाव १८६१ मध्ये बांधून पुरा झाला. जंगलातील जळाऊ लाकूड नदीतून पॅरिसकडे वाहून न्यायला पाणी पुरावे, हा त्याचा हेतू होता. चढणीची अजिबात सवय नसेल तर त्याच प्रांताच्या दक्षिण भागात, गिव्री ते क्लुनी या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर केलेला सायकलमार्ग आहे. रेल्वेला तीव्र चढ चालत नाही, म्हणून अशा मार्गांवर पहिला आठवडा सराव करणे शहाणपणाचे.

सेंत-एतिएनचा पॉल द विवी

चढणीच्या सायकलीचा विचार करताना सेंत-एतिएन शहर आणि त्यालगतचा पिला डोंगर यांना टाळून पुढे जाता येत नाही. पॉल द विवी (१८५३-१९३०) हा रेशमाच्या व्यापारातला माणूस या शहरात राहत असे. ‘वेलोसियो’ या टोपणनावाने तो ओळखला जाई. १८८७ मध्ये त्याने सायकलीला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि गिअर बदलणाऱ्या सायकलीचा आयुष्यभर पुरस्कार केला. शहराबाहेरची १,१६१ मीटर उंचीची रेपुब्लिक खिंड ही त्याची प्रयोगशाळा होती. तो शाकाहारी होता आणि उतारवयातही लांबचे प्रवास करी. त्याच्या सन्मानार्थ १९२२ पासून या खिंडीत सायकलस्वार जमू लागले.

त्या काळी शर्यतीतले लोक गिअरला कमीपणा मानत. ‘टूर द फ्रान्स’चे संस्थापक आंरी देग्रांज यांचे मत असे, की गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक. या शर्यतीत गिअर बदलण्याच्या यंत्रणेला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती. आज शर्यतवीर तर ती वापरतातच. पण देग्रांज यांचा टोमणा आपण सल्ला म्हणून घेतला तर आपल्या हृदयाचे भलेच होईल.

खुद्द रेपुब्लिक खिंडीच्या रस्त्यावर आता मोटारींची वर्दळ असते. त्यापेक्षा रोशताये गावावरून ले बेसा आणि क्रुआ द शोबुरे (१,२०१ मीटर) हा मार्ग बरा. पुढे फरच्या जंगलातून सुमारे १,२३० मीटर उंचीच्या ओयों खिंडीपर्यंत जाता येते. हवा स्वच्छ असली तर या बाजूने ऱ्होन नदीच्या खोऱ्यापलीकडे आल्प्सची रांग दिसते. शहरापासून क्रुआ द शोबुरेपर्यंत सुमारे साडेसहाशे मीटर उंची चढावी लागते. वाईहून पसरणीच्या घाटाने पाचगणीला चढण्यापेक्षा ही किंचित जास्त.

चढावर हृदयाला काय करावे लागते?

सपाटीवर पाय थांबवले तरी सायकल काही काळ घरंगळते. चढावर ही सवलत नाही. शरीर आणि सायकल यांचे वजन प्रत्येक क्षणी वर उचलावे लागते. स्नायूंना त्यासाठी जादा प्राणवायू लागतो, म्हणून हृदय जलद व जोराने चालते आणि श्वास वाढतो. येथे लक्षात ठेवायची गोष्ट ही, की चढावरचे काम वेगाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८ किलोमीटरऐवजी १२ किलोमीटर वेगाने चढलात, तर हृदयावरचा बोजा जवळजवळ दीडपट होतो. याचाच अर्थ, घाट तोच असला तरी त्याचा ताण किती घ्यायचा हे आपल्या हाती असते.

आपल्याकडच्या साध्या सायकलीत पायडल एकदा पूर्ण फिरवले की सायकल सुमारे पाच मीटर पुढे जाते. चढावर एवढे अंतर काढायला पायडलवर उभे राहून जोर द्यावा लागतो. त्यात दम कोंडतो, रक्तदाब चढतो आणि गुडघ्याच्या वाटीवर भार येतो. गिअरच्या सायकलीत पुढचे लहान चक्र आणि मागचे मोठे चक्र यांचे दाते सारखे असतील, तर एका फेऱ्यात सायकल दोन मीटरच्या आसपास जाते. मिनिटाला ६५ फेरे मारले तर वेग ताशी ८ किलोमीटर राहतो. शेकडा ५ च्या चढावर तासाभरात ४०० मीटर उंची गाठता येते. या हिशेबाने क्रुआ द शोबुरेची चढण दीड तासाहून थोड्या अधिक वेळात बसूनच पार होते. एवढा वेग पुरेसा आहे.

वेग बरोबर आहे की नाही, हे ओळखायला यंत्र नको. सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे. दोन शब्दांतच दम लागत असेल तर वेग कमी करावा. एकटे असाल तर स्वतःशीच मोठ्याने बोलून पाहावे. जंगलात कोणी हसणार नाही. एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रमानेही फारशी वाढत नाही. म्हणून त्यांनी नाडीपेक्षा या कसोटीवरच भिस्त ठेवावी.

खाणे, पाणी आणि विश्रांती

वेलोसियोने सायकलस्वारांसाठी घालून दिलेले नियम आजच्या वैद्यकशास्त्रालाही बहुतांशी मान्य होतील. तहान लागण्याआधी प्यावे आणि भूक लागण्याआधी खावे, असे तो सांगे. यकृत व स्नायूंतील साखरेचा साठा जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत ओसरू लागतो. मग एकाएकी हातपाय गळतात, घाम फुटतो, चिडचिड होते. फ्रेंच सायकलस्वार या अवस्थेला ‘फ्रँगाल’ म्हणतात. ती टाळण्यासाठी दर अर्ध्या-पाऊण तासाने केळे, खजूर, ब्रेडचा तुकडा असे थोडे थोडे खावे. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हात त्याहून अधिक. खेड्यातील नळावर ‘ओ पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पिण्याचे पाणी. ‘नों’ हा शब्द असेल तर पिऊ नये. खेड्यांतील दुकाने दुपारच्या जेवणाच्या वेळी आणि रविवारी बहुधा बंद असतात. म्हणून शिदोरी जवळ हवीच.

सुरुवातीच्या तासात जोर लावू नये, हाही त्याचाच आग्रह. माथ्यावर पोचल्यावर झटकन उतरून उभे राहू नये. पायांत साठलेले रक्त हृदयाकडे परतायला वेळ लागतो आणि भोवळ येऊ शकते. दोन-चार मिनिटे हलके पायडल मारत राहावे.

उतार आणि जंगल यांतील धोके

चढताना अंग घामाने भिजलेले असते. उतरताना गार वारा लागून अंग थंड पडते, बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबले जात नाहीत. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच वाऱ्याला अडवणारा अंगरखा चढवावा. वळणात शिरण्याआधी दोन्ही ब्रेक लावून वेग कमी करावा. सावलीतल्या वळणावर ओली पाने, सुटी खडी आणि लाकूड वाहणारे ट्रक यांचे भान ठेवावे. वाहने उजव्या बाजूने चालतात, हेही आपल्या माणसाने विसरू नये. डोक्याला हेल्मेट हवेच.

जंगलातला आणखी एक शत्रू फार लहान आहे, तो म्हणजे गोचीड. वसंतापासून शरदापर्यंत गवतात, झुडपांत ती असते आणि काही गोचिडींतून ‘लाइम’ नावाचा जंतुजन्य रोग होतो. डांबरी रस्त्यावर भीती नाही. पण विश्रांतीसाठी गवतात बसलो की ती चिकटते. संध्याकाळी स्नानाच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू तपासावी. गोचीड दिसल्यास बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. तेल, रॉकेल लावू नये किंवा चटका देऊ नये. पुढच्या महिनाभरात त्या जागी पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांना दाखवावे. वेळीच प्रतिजैविके घेतल्यास रोग बरा होतो. हा चट्टा मायदेशी परतल्यावरही उठू शकतो. आपल्या डॉक्टरांच्या मनात हा रोग चटकन येणार नाही, म्हणून प्रवासाची माहिती आपण होऊन सांगावी.

कोणी विशेष जपावे?

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी आणि बैठे काम करणाऱ्या चाळिशीपुढच्यांनी जाण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना गरज वाटल्यास स्ट्रेस टेस्टही करावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. लांबच्या श्रमानंतर रात्रीही साखर उतरू शकते, हे घरच्यांना सांगून ठेवावे. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही जाणवले तर तत्काळ थांबावे. तेथे मदतीसाठी ११२ किंवा १५ हा क्रमांक फिरवावा.

तयारी मात्र इथेच सुरू करायची. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली की तो हिशेब पुरा होतो. खोगिराची उंची तपासून घ्या. टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ झाला पाहिजे. बैठक फार खाली असेल तर गुडघे दुखतात. दीड-दोन महिन्यांनी जवळच्या छोट्या चढावर जा आणि बोलत बोलत चढून पाहा. मागून कोणी पुढे निघून गेला तर जाऊ द्या. बढाईसाठी पायडल मारू नये, हा वेलोसियोचा शेवटचा नियम होता आणि हृदयाच्या दृष्टीने तोच पहिला समजावा.