सांध्यावरच्या सिग्नलची ग्वाही

दौंड, मनमाड किंवा मिरजेसारख्या जंक्शनात शिरताना गाडीचा वेग उतरतो, डबा किंचित हेलकावतो आणि चाकांखालचा खडखडाट बदलतो. गाडी सांध्यावरून बाजूच्या रुळावर गेली, हे प्रवाशाला तेव्हा जाणवते. लोको पायलटला मात्र ते बरेच आधी कळलेले असते. पुढची वाट मोकळी आहे का, सांधा कुठल्या बाजूला लागला आहे आणि त्यावरून किती बेताने जायचे, हे सगळे सांध्याच्या अलीकडच्या सिग्नलने त्याला सांगितलेले असते.

अमेरिकेत आणि युरोपात घराच्या तळघरात, गॅरेजमध्ये किंवा क्लबच्या दालनात मॉडेल रेल्वे उभारणारे हौशी लोक हाच संवाद लहान आकारात घडवतात. त्यांच्यात सर्वाधिक रूढ असलेल्या एचओ या मापात खरी रेल्वे ८७ पटींनी लहान होते आणि दोन रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर उरते. गाडी पळवणे हा त्यातला सोपा भाग. सिग्नल शोभेपुरते लावणेही सोपेच. पण तो लाल किंवा हिरवा दिवा दर क्षणी खरे बोलला पाहिजे असे ठरवले, की खेळाचे रूपांतर अभ्यासात होते. हा अभ्यास घरच्या संगणकावर करता येतो आणि त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर फुकट मिळते.

खुले आणि न्यायालयात टिकलेले

जेएमआरआय, म्हणजे जावा मॉडेल रेलरोड इंटरफेस, हे त्या सॉफ्टवेअरचे नाव. बॉब जेकबसन या कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञाने त्याची सुरुवात केली आणि पुढे जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी ते वाढवले. विंडोज, मॅक, लिनक्स अशा तिन्हींवर ते चालते. याच सॉफ्टवेअरवरून उभा राहिलेला खटला अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयात गेला आणि ऑगस्ट २००८ मध्ये महत्त्वाचा निकाल लागला: खुल्या परवान्याच्या अटी मोडणे हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. छोट्या आगगाड्यांच्या छंदातून आलेला हा निकाल आज साऱ्या खुल्या सॉफ्टवेअरच्या जगाला आधार देतो.

जेएमआरआयमधल्या पॅनलप्रो या भागात लेआउट एडिटर असतो. त्यात आपल्या मांडणीचा नकाशा काढायचा: रूळ, सांधे, ब्लॉक. त्याच्या साधनांच्या यादीत ‘सेट सिग्नल्स ॲट टर्नआउट’ असा पर्याय आहे. सांधा निवडला, सिग्नलची नावे भरली, की सिग्नल नकाशावर बसवणे आणि त्यांचा तर्क जोडणे ही दोन्ही कामे तो करून देतो. पण त्या पर्यायाच्या चौकटीत काय भरायचे हे कळण्यासाठी आधी सांधा समजून घ्यावा लागतो.

एक सांधा, तीन वाटा

सांध्याला तीन टोके असतात. जिथे एकच वाट असते ते त्याचे मुख. तिथून एक वाट सरळ जाते, दुसरी फुटते. मुखाकडून येणाऱ्या गाडीपुढे दोन वाटा असतात. रेल्वेच्या बोलीत तिच्यासाठी हा ‘फेसिंग पॉइंट’. सरळ किंवा फुटलेल्या वाटेने मुखाकडे येणाऱ्या गाडीला निवड नसते. तिच्यासाठी तोच सांधा ‘ट्रेलिंग पॉइंट’.

त्या चौकटीत चार जागा का असतात, ते यावरून कळते. मुखाशी दोन सिग्नल: एक सरळ वाटेसाठी, एक फुटणाऱ्या वाटेसाठी. शिवाय सरळ वाटेवर एक आणि फुटलेल्या वाटेवर एक, दोन्ही मुखाकडे येणाऱ्या गाड्यांसाठी. मुखाशी दुसरा सिग्नल लावला नाही तरी चालते. मग एकाच दिव्याला दोन्ही वाटांचे उत्तर द्यावे लागते.

पहिली कसोटी इथेच लागते. सांधा सरळ लागला असेल, तर फुटलेल्या वाटेवरचा सिग्नल लालच हवा, मग पुढचे सगळे रूळ रिकामे का असेनात. सांधा फिरवला, की सरळ वाटेवरचा सिग्नल लाल व्हायला हवा. म्हणजे मुखाकडे तोंड करून उभ्या असलेल्या या दोन सिग्नलांपैकी एक तरी कायम लाल असतो. नकाशावर दोन्ही एकाच वेळी हिरवे दिसले, तर जोडणी चुकली आहे हे पक्के समजावे.

आधी ब्लॉक, मग दिवे

नवशिके थेट सिग्नलपासून सुरुवात करतात आणि अडतात. पाया ब्लॉकचा असतो. रुळाचे विद्युतदृष्ट्या वेगळे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात गाडी आहे की नाही हे सांगणारा सेन्सर द्यायचा. सांध्यापाशी किमान तीन ब्लॉक लागतात: सांध्यासह मुखाकडचा, सरळ वाटेचा आणि फुटलेल्या वाटेचा. सिग्नल उभा राहतो तो दोन ब्लॉकांच्या सीमेवर.

ही सीमा कुठे पाडायची, यात खरी मेख आहे. सांध्यापासून दोन वाटा हळूहळू लांब जातात. त्या पुरेशा लांब जाण्याआधी एखादा वॅगन थांबला, तर त्याचा कोपरा शेजारच्या वाटेवरच्या गाडीला घासतो. भारतीय रेल्वेत या जागी फाउलिंग मार्क असतो. मॉडेलवरही ब्लॉक वेगळे करणारी रुळातली खाच आणि सिग्नल या खुणेच्या बाहेर, सांध्यापासून दूर हवेत. नाहीतर वॅगन अडथळा करत उभा राहतो, त्याचा ब्लॉक मात्र वेगळाच मोजला जातो आणि सिग्नल शेजारच्या गाडीला बिनधास्त हिरवा होतो. इथे सॉफ्टवेअरचा दोष नसतो. त्याला नकाशाच खोटा दिलेला असतो.

ब्लॉक झाले, की सांध्यांना आणि सेन्सरांना समजतील अशी नावे द्यावीत. ‘एलटी १२’ हे यंत्राचे नाव सहा महिन्यांनी काहीच सांगत नाही; ‘पूर्व लूप सांधा’ सांगते. त्यानंतर सिग्नल हेडच्या तक्त्यात एकेक सिग्नल नोंदवायचा. हातात खरा दिवा नसेल तर ‘व्हर्च्युअल’ प्रकार निवडता येतो. तो पडद्यावर खऱ्यासारखाच वागतो.

तर्क काय करतो

जेएमआरआयमधल्या साध्या सिग्नल तर्काचे गणित तीन प्रश्नांत मावते. पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी आहे का? असेल तर लाल. सांधा माझ्या वाटेच्या विरुद्ध लागला आहे का? असेल तर लाल. या दोन्हींतून सुटलो, तर माझ्या पुढचा सिग्नल काय दाखवतो? तो लाल असेल तर मी पिवळा, नाहीतर हिरवा. फुटणाऱ्या वाटेवर वेगमर्यादा आहे असे नोंदवले, तर त्या वाटेसाठी हिरव्याऐवजी पिवळाच दिसतो.

तिसऱ्या प्रश्नामुळे कामाचा क्रम ठरतो. प्रत्येक सिग्नल पुढच्या सिग्नलकडे पाहतो. तोच अजून नकाशावर नसेल, तर सॉफ्टवेअरला तो सापडत नाही आणि तर्क अपुरा राहतो. म्हणून आधी संपूर्ण स्थानकाचे सिग्नल जागेवर बसवावेत आणि मग दुसऱ्या फेरीत तर्क जोडावा.

मुखाशी एकच सिग्नल असेल तेव्हा तर्क अवघड होतो. दोन्ही वाटांचे सेन्सर त्याला सरसकट जोडले, तर लूपवर, म्हणजे बाजूच्या वाटेवर, उभ्या मालगाडीमुळे मुख्य मार्गाचा सिग्नलही लाल राहील. सांधा ज्या बाजूला लागला असेल त्याच बाजूचा ब्लॉक मोजला गेला पाहिजे. लेआउट एडिटर यासाठी अंतर्गत सेन्सर आपणहून तयार करतो. तक्त्यात अनोळखी नावे दिसली म्हणून ती पुसू नयेत. सिग्नलचा अर्धा विवेक त्यांच्यात असतो.

अमेरिकी दोन दिवे, भारतीय पाच

ही चौकट अमेरिकी पद्धतीला धरून घडली आहे. तिथे जंक्शनाशी एकाच खांबावर दोन दिवे असतात: वरचा मुख्य वाटेचा, खालचा फुटणाऱ्या वाटेचा. वर हिरवा आणि खाली लाल म्हणजे सरळ जा. वर लाल आणि खाली हिरवा म्हणजे बाजूच्या वाटेने, सांध्याच्या वेगमर्यादेत जा. दोन्ही लाल म्हणजे थांबा.

आपल्याकडे रचना वेगळी आहे. स्थानकात शिरण्याआधीच्या होम सिग्नलवर मुख्य दिवा एकच लागतो आणि बाजूच्या वाटेसाठी त्याच्या जोडीला पाच पांढऱ्या दिव्यांची तिरपी रांग पेटते. पिवळा दिवा आणि ही रांग दिसली, की गाडी लूपला चालली आहे हे लोको पायलटला कळते. भारतीय स्थानकाचे मॉडेल करणाऱ्याने म्हणूनच चौकटीतल्या चार जागा डोळे झाकून भरू नयेत. मुखाशी एक सिग्नल ठेवावा आणि पांढऱ्या रांगेसाठी वेगळा नियम लिहावा: सांधा फिरलेला असेल आणि सिग्नल लाल नसेल, तरच रांग पेटवा. मॉडेलवर सिग्नल आणि सांधे चालताना पाहायचे असतील, तर पुण्यात कोथरूडला जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे.

सांगितला, की खरेच लागला?

सांध्याची अवस्था सॉफ्टवेअरला कुठून कळते, हा या विषयातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. जेएमआरआयमध्ये प्रत्येक सांध्याला ‘फीडबॅक’ची पद्धत निवडावी लागते. ‘डायरेक्ट’ ठेवली, तर आज्ञा दिल्याक्षणी सांधा फिरला असे मानले जाते. मोटर अडकली, सांध्याच्या हलत्या पातीत खडा सापडला, तरी सिग्नल हिरवा होतो. दोन सेन्सरांची पद्धत निवडली, तर एक सरळ स्थिती पाहतो आणि दुसरा फिरलेली; मधल्या काळात सांधा ‘विसंगत’ म्हणून नोंदला जातो. पाती खरोखर चिकटली, तरच तो लागला असे धरले जाते.

खऱ्या रेल्वेत हा प्रश्न आज्ञेवर सोडतच नाहीत. पाती आणि रुळाच्या मध्ये ५ मिलिमीटर जाडीचा तुकडा ठेवून चाचणी घेतात. त्या स्थितीत सांधा कुलूपबंद होता कामा नये.

गाडी ओळखण्यातही असाच फरक आहे. विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये रूळ रिकामा असताना रिले उचललेला असतो. गाडी आली, तार तुटली किंवा वीज गेली, की तो पडतो आणि सिग्नल लाल होतो. मॉडेलवरचे नेहमीचे डिटेक्टर उलट वागतात: गाडीने वीज ओढली तर ती दिसते. वीज गेली, की गाडीने भरलेला ब्लॉकही रिकामा दिसतो. म्हणून रुळांची वीज चालू आहे का, हे पाहणारा वेगळा सेन्सर ठेवून ती नसताना सारे सिग्नल लाल करणे शहाणपणाचे.

विचारणे आणि अडवणे

साधा सिग्नल तर्क सांध्याला विचारतो, त्याला अडवत नाही. हिरव्या सिग्नलखालून गाडी जात असताना कोणी सांधा फिरवला, तर सिग्नल लाल होईल, पण तोवर गाडी सांध्यावर असेल. जॉन सॅक्सबी या इंग्रज माणसाने १८५६ मध्ये सिग्नल आणि सांधे एकमेकांशी जखडण्याचे पेटंट घेतले, ते नेमके या फटीसाठी. जेएमआरआयमध्ये ब्लॉक व्यापलेला असताना पॅनलवरून सांधा हलू नये असा पर्याय निवडता येतो आणि पुढचे नियम लॉजिक्स या त्याच्याच भागात लिहिता येतात. ते काम केल्यावरच आपल्या मांडणीला इंटरलॉकिंग आहे असे म्हणता येईल.

या साऱ्याचे वजन २ जून २०२३ रोजी देशाने पाहिले. ओडिशातल्या बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला होता, सांधा मात्र लूपकडे लागला होता. गाडी लूपवर उभ्या मालगाडीवर आदळली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल सर्किटमधल्या फेरबदलांतल्या त्रुटी समोर आल्या. सिग्नल एक सांगत होता आणि सांधा दुसरे करत होता.

टेबलावरच्या रेल्वेत कोणाचा जीव जात नाही. शिस्त मात्र तीच शिकता येते, आणि तिची सुरुवात कागदावर होते. एक सांधा, दोन अवस्था. तीन ब्लॉक, प्रत्येकी दोन अवस्था: एकूण १६ स्थिती. प्रत्येक स्थितीत चारही सिग्नलांचा रंग आधी हाताने लिहून काढावा. मग सॉफ्टवेअरच्या सिम्युलेटरवर सेन्सर एकेक करून बदलत, ती ६४ उत्तरे पडद्यावरच्या रंगांशी ताडून पाहावीत. त्यासाठी इंजिन, रूळ, तार काहीही विकत घ्यावे लागत नाही. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यालाही हे सहज जमेल. नंतर एकही तार किंवा नियम बदलला, तर पूर्ण तक्ता पुन्हा पहिल्यापासून तपासावा. सिग्नल पाहून गाडी पुढे नेणाऱ्याला तो तपासायची सोय नसते. ती जबाबदारी सिग्नल बसवणाऱ्याची असते, आणि गाडी पहिल्यांदा सोडण्याआधी ती पुरी करायची असते.